मोरसच्या सोळा पायऱ्या

आमच्या आजीच्या फडताळात साखरेचे दोन डबे असत. एकात देवाच्या नैवेद्याची खडीसाखर आणि दुसऱ्यात चहाची ‘मोरस’. पांढऱ्या दाणेदार साखरेला ती जन्मभर मोरसच म्हणत आली आणि ही मोरस नैवेद्याला तिने कधी चालू दिली नाही. का, असे विचारले तर म्हणायची, “परदेशची आहे रे ती.” वास्तविक तोवर आपल्याच सहकारी कारखान्यांची साखर घरात येऊ लागून कैक वर्षे लोटली होती. पण डब्याचे नाव बदलले नव्हते. लहानपणी मला वाटे, या साखरेचा मोराशी काहीतरी संबंध असावा. पुढे कॉलेजात असताना जुना मराठी कोश चाळताना उलगडा झाला. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरून मुंबई बंदरात साखर उतरायची आणि बेटाचे नाव मालाला चिकटले. गुजराती घरांत तर साखरेला मोरस म्हणणारी माणसे अजूनही भेटतात.

साखर तिकडून इकडे येत होती हे कळले. त्याच काळात इकडून तिकडे काय जात होते, हे मात्र कोशात नव्हते. ते कळायला १९८६ साल उजाडावे लागले.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. आंब्याच्या कलमांसाठी कर्ज मागायला एक म्हातारा शेतकरी आला. जमीन सामाईक, त्यामुळे वंशावळ काढून सर्व हिस्सेदारांच्या संमतीच्या सह्या घेणे आले. कोकणात हे काम म्हणजे काय असते ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. म्हातारा सांगत होता, मी रेघा ओढत होतो. बऱ्याच पिढ्या वर गेल्यावर तो एका फांदीपाशी थांबला. “ह्यो मोरसला ग्येला.”

“परत आला?”

“नाय.”

“मग बाबा, याच्या वारसांच्या सह्या कुठून आणायच्या?” असे म्हणून मी तांबड्या शाईने ती फांदी छाटून टाकली. म्हातारा रागावला वगैरे नाही. शांतपणे म्हणाला, “कागदावर नको तर नको, सायेब. म्हालयाला त्याचं पान आमी मांडताव.”

कर्ज मंजूर झाले, कलमे लागली, हप्तेही वेळेवर येत राहिले. मी तो प्रसंग विसरून गेलो.

२००३ मध्ये आम्ही सहकुटुंब मॉरिशसला गेलो. पाच रात्री, सहा दिवस, बरोबर टूर मॅनेजर आणि तीनही वेळा भारतीय जेवण. बसचा ड्रायव्हर तिथलाच, पण नाकाडोळ्यांनी चिपळूणच्या स्टँडवर उभा राहिला असता तर खपून गेला असता. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर त्याने माइक हातात घेतला आणि गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. त्याचा ‘र’ फ्रेंचांसारखा घशातून येत होता. बसमध्ये आधी हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. शेवटच्या दिवशी पोर्ट लुई या राजधानीत तीन तास खरेदी होती. तिथे उतरता उतरता तो हिंदीत म्हणाला, इथून दहा मिनिटांवर कुली घाट आहे, आपले लोक तिथेच उतरले होते, पाहायचा असेल तर नेतो. टूर मॅनेजरने लोकशाही मार्गाने हात वर करायला सांगितले. बत्तीस प्रवाशांत घाटासाठी चार हात वर झाले. त्यातला एक आमच्या सौ.चा होता. माझा हात खरेदीच्या बाजूने होता.

त्या तीन तासांत मी लाकडी जहाजाची एक सुंदर प्रतिकृती घेतली. ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. तिच्यावरची धूळ पुसण्याचे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि ते का, हे सौ. कुणालाही आनंदाने सांगते.

हे सगळे आज सांगायचे कारण असे की, आता मॉरिशस आपल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आहे. भारतीय प्रवाशाला तिथे आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून तर आपले यूपीआयही तिथे चालू झाले. बँकेत उमेदवारी करताना परकीय चलनाचे अर्ज तीन प्रतींत भरून घेणाऱ्या माझ्यासारख्याला हा चमत्कारच वाटतो. माणसे जात आहेत, जावोत. पण जाऊन येणाऱ्यांना ‘काय पाहिलेत?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते. निळा समुद्र, सात रंगांची माती, पॅराशूट. मोठी माहितीपत्रके छापणाऱ्यांनी त्या बेटाचे नुसते अंगण आपल्याला दाखवले आहे. घर अजून पाहायचेच राहिले आहे, आणि त्या घरात आपलीही एक खोली आहे.

आधी अंगणाबद्दल बोलू. समुद्राबद्दल वाद नाही. बेटाभोवती प्रवाळाचे कडे जवळजवळ सगळीकडून आहे, त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत तळ्यासारखे शांत, हिरवेनिळे पाणी राहते. दक्षिणेला सुयाकजवळ ग्रिग्री नावाची जागा आहे. तिथे हे कडे तुटले आहे आणि समुद्र काळ्या कड्यावर अक्षरशः डोके आपटून घेतो. पोहायला तिथे मनाई आहे. पण पोहण्याच्या चार किनाऱ्यांपेक्षा ही एक जागा माझ्या जास्त लक्षात राहिली.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच पाहतात. तांबडी, तपकिरी, जांभळट, पिवळसर अशा मातीचे उंचसखल ढिगारे, भोवती कठडा आणि बाहेर काचेच्या नळ्यांत भरून तीच माती विकायला. आमच्या २००३ च्या गाइडने तिला ‘कुदरत का करिश्मा’ म्हटले आणि बस पुढे हाकली. करिश्मा आहेच, पण तो आपल्या घरातला आहे. ज्वालामुखीचा काळा दगड पावसापाण्याने लाखो वर्षे कुजतो, बाकीचे द्रव्य वाहून जाते आणि लोहाची व ॲल्युमिनियमची भस्मे मागे उरतात. त्यांचे हे रंग. आपल्या कोकणातला जांभा दगड तयार झाला तो याच रीतीने, याच जातीच्या दगडापासून.

आणि ‘याच जातीच्या’ हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पृथ्वीच्या पोटात एक धगधगती चूल आहे. भूशास्त्रज्ञ तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी उत्तरेकडे सरकता सरकता या चुलीवरून गेली आणि तिच्यातून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आपला सह्याद्री त्याच थरांचा. भूमी पुढे निघून गेली, चूल मागे राहिली. तिच्यावर मग एकामागून एक लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बेटांची रांग उठत गेली आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उठले. आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. रायगडाचा कडा आणि शामारेलची माती एकाच चुलीवरच्या. एवढे एक वाक्य जरी गाइडने सांगितले असते, तरी त्या ढिगाऱ्यांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहिले असते.

क्युरपीप गावात ज्वालामुखीचे झाडीने भरलेले विवर आहे. ग्रां बासां हे असेच विवरात साठलेले तळे. तिथल्या हिंदूंनी त्याला गंगा तलाव मानले आणि १९७२ मध्ये त्यात गंगेचे पाणी मिसळले. महाशिवरात्रीला पांढरे कपडे घातलेले लाखो लोक खांद्यावर कावडी घेऊन पायी येतात. हे बहुतेक टूरमध्ये असते, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

बेटाचा मानवी इतिहास मात्र फार लहान आहे, आणि त्यामुळेच तो अंगावर येतो. डच खलाशी १५९८ मध्ये उतरले तेव्हा तिथे वस्ती करून राहिलेले कुणीच नव्हते. दाट शिसवीचे जंगल होते, महाकाय कासवे होती आणि डोडो होता. उडता न येणारा, माणसाला न भिणारा, टर्कीपेक्षा मोठा पक्षी. माणसाबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे उतरली. त्यांनी जमिनीवरच्या घरट्यातली अंडी फस्त केली. डोडो पाहिल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ची. म्हणजे ओळख झाल्यापासून पासष्ट वर्षांच्या आत खेळ आटोपला. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा तिशीत होते. मध्यंतरी दोन डोडो जिवंत आपल्या सुरतेपर्यंत पोहोचले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने ते तिथे पाहून लिहून ठेवले आहे. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचे म्हणून मानले जाणारे डोडोचे रंगीत चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. डोडोचा संपूर्ण सांगाडा शोधून काढला तो पोर्ट लुईमधल्या तिरियू नावाच्या एका हौशी न्हाव्याने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. दुकान सांभाळून डोंगरातल्या गुहा धुंडाळणाऱ्या त्या माणसावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी. मी लिहिणार होतो, जमले नाही.

आज मूळ जंगलाचा दोन टक्केही भाग शिल्लक नाही. पण जे गेले ते गेले म्हणून ही मंडळी स्वस्थ बसली नाहीत, आणि हे पाहायला मी मुलाबाळांना घेऊन जा म्हणेन. आग्नेय किनाऱ्यावर माएबूर गावासमोर ‘ईल ओ एग्रेत’ नावाचे २६ हेक्टरांचे टिकलीएवढे बेट आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने तिथले उंदीर-मांजर हटवून, बाहेरून आलेली झाडे उपटून शिसवीचे जुने रान परत उभे केले आहे. नामशेष झालेल्या कासवांच्या जागी अल्दाब्रा बेटावरची महाकाय कासवे आणली, कारण फळे खाऊन बिया पेरण्याचे काम कुणीतरी करायला हवे होते. गुलाबी कबुतर १९९०च्या सुमाराला रानात दहाच्या आसपास उरले होते, आज काही शेकड्यांत आहे. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार होता. कार्ल जोन्स नावाच्या वेल्सच्या माणसाने अंडी उबवून, पिले वाढवून तो वाचवला.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे जपानी मालकीचे जहाज याच किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा गावोगावची माणसे धावली. उसाचे पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. आम्ही २०२३ मध्ये गेलो तेव्हा आमच्या नावाड्याने सुईचे भोसकलेले बोट दाखवले. पाचट जाळून टाकायची वस्तू, एवढेच मला ठाऊक होते.

उसावरून आठवण झाली. बेटावर फिरताना उसाच्या फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे रचलेले ढीग दिसतात, कुठे कुठे घराएवढे उंच. परदेशी प्रवासी त्यांना पिरॅमिड समजून फोटो काढतात. ते शेतातून वेचलेले दगड आहेत. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी एकेक हाताने उचलून रचलेले. तो दगड आपल्या सह्याद्रीच्या जातीचा, आणि वेचणाऱ्या हातांतले काही हातही तिथलेच.

ऊस डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणला. १७१० मध्ये डच बेट सोडून गेले आणि पुढच्या दशकात फ्रेंच आले. त्यांच्या ला बुर्दोने या गव्हर्नराने बंदर बांधले. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा तो हाच. पांपलमूसची बाग त्याच्याच बंगल्याभोवतीची, तिला रूप दिले ते पिएर प्वाव्र याने. प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरी. या मिरीबुवांचा एक हात इंग्रजांच्या तोफगोळ्याने गेला होता. उरलेल्या हाताने त्यांनी डचांच्या पहाऱ्यातून जायफळ आणि लवंगेची रोपे पळवून आणवली. बागेत परातीएवढ्या पानांची कमळे आहेत, तिथे गर्दी असते. पण त्याच बागेतले टॅलिपॉट नावाचे ताडाच्या कुळातले झाड जरूर पाहावे. कित्येक दशके नुसते वाढते, एकदाच फुलते आणि मरते.

१८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतले. ते घ्यायला गेलेल्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेले शिपाई होते. उसाचे राज्य खरे फोफावले ते यानंतर. राबायला गुलाम होते, मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेले. नैऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा सरळसोट कडा समुद्रात घुसला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, ते सांगायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा आपल्याला पकडायला आले असे समजून वरच्या माणसांनी खाली उड्या घेतल्या, अशी तिथे कथा सांगतात. कथा खरी की खोटी, तिथे उभे राहून विचारवत नाही. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. आपल्या टूर त्याच्या पायथ्याच्या रिसॉर्टमध्ये जेवायला थांबतात. मुक्त झालेल्यांची संख्या सासष्ट हजारांच्या घरात होती. त्यांच्याबद्दल नुकसानभरपाई म्हणून इंग्रज सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली, ती सगळी मालकांना. गुलामांच्या खात्यावर शून्य. जमाखर्चात आयुष्य घालवलेल्या माणसालाही ही नोंद वाचवत नाही.

आता रिकामे झालेले फड भरायचे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. इंग्रजांनी याला ‘थोर प्रयोग’ असे नाव दिले. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसे हिंदुस्थानातून या बेटावर गेली. बहुतेक बिहारकडची, त्याखालोखाल मद्रास बंदरातून आणि एक छोटा वाटा आपल्या मुंबई बंदरातून. त्यात रत्नागिरीची होती, घाटावरचीही होती. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला ‘डबल कट’ म्हणत. आजारपणही खाड्यात धरले जाई.

ही माणसे जिथे उतरली ती जागा म्हणजे तो कुली घाट. १८४९ पासून तिथे डेपो होता. १९८७ मध्ये त्याचे नाव आप्रवासी घाट झाले, २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. जागा किती? १,६४० चौरस मीटर. आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयाएवढी. पुष्कळसा भाग रस्त्याखाली गेला. उरल्या आहेत त्या काही दगडी भिंती, दवाखान्याच्या खोल्या, मोरी, आणि बंदरावरून वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या.

२०२३ मध्ये आम्ही दोघेच गेलो, टूर न घेता. सौ.ने विमानतळावरच बजावले होते, आधी घाट. पायऱ्यांपाशी कुणी नव्हते. पाहायला तसे काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ताजमहालाची अपेक्षा ठेवून गेलात तर मला शिव्या द्याल. सोळा पायऱ्या, त्यांवरून चढलेले लाखो अनवाणी पाय, वर चढून गेले की मोजदाद, तपासणी, दोन रात्री मुक्काम आणि मग मळेवाल्यांमध्ये वाटप. सौ. पहिल्या पायरीपासून वर चढली. मी खालीच थोडा वेळ उभा राहिलो. वीस वर्षांपूर्वी तीन तास खरेदी केली ती जागा तिथून चालत दहा मिनिटांवर होती.

तिथेच मला म्हाताऱ्याची फांदी आठवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. या आप्रवाशांची दप्तरे तिथे जपलेली आहेत. मला एका जुन्या पानाची नक्कल पाहायला मिळाली. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवले. पुढच्या काळात फोटोसुद्धा. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. माझ्या नोकरीच्या काळात अशी वही ठेवणारा कारकून मिळाला असता तर मी त्याला बढती दिली असती. माणूस म्हणून त्यांची किंमत शून्य होती, पण नोंद चोख होती. ती मालमत्तेची नोंद होती, म्हणून चोख होती, हे कळते. तरी तीन-चार पिढ्यांनंतर त्याच नोंदीच्या आधाराने तिथली मुले आपल्या पणजोबाचे गाव शोधतात. मार्च २०२४ मध्ये आपल्या सरकारने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची सोय केली, तिलाही पूर्वजाचा पुरावा लागतोच. मी मात्र काही शोधू शकलो नाही. माझ्याकडे क्रमांक नव्हता, जहाजाचे नाव नव्हते. नाव होते, पण मी ज्या कागदावर लिहिले होते त्यावर मीच तांबडी रेघ मारली होती, आणि आता ते मला आठवत नव्हते.

नावांचीही गंमत आहे. पणजोबाचे एकेरी नाव गोऱ्या कारकुनाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले आणि तेच पुढे आडनाव झाले. त्यामुळे तिथला मराठी माणूस पाटीवरून ओळखू येत नाही. घरी तो क्रिऑल बोलतो. पण शाळेत मराठी शिकता येते, आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सरकारी सुट्टी असते. गौरी-गणपतीत आपल्याकडे कोकणात जाखडी नाचतात ना, तीच तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकून आहे. आपण त्यांच्या उच्चारांना हसतो. बसमध्ये मीही हसलो होतो. त्या आरतीत एक शब्द चुकला नव्हता हे मला वीस वर्षांनी सुचले.

टूर काढणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. एका दिवसाची खरेदी अर्धी करा. पोर्ट लुईत सकाळी आप्रवासी घाट, शेजारीच जुन्या लष्करी इस्पितळात उभे केलेले गुलामगिरीचे संग्रहालय, मग तिथल्या एका बँकेने थाटलेले ब्लू पेनी म्युझियम. त्यात १८४७ची दोन जगप्रसिद्ध तिकिटे आहेत. रंग उडू नये म्हणून त्यांच्यावर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात. दुपारी पांपलमूसची बाग आणि तिच्या जवळच बो प्लाँचा जुना साखर कारखाना, जो आता संग्रहालय झाला आहे. परतीचे विमान रात्रीचे असेल तर सकाळी ईल ओ एग्रेत, कारण विमानतळ त्याच बाजूला आहे. समुद्रासाठी तरीही तीन दिवस उरतात. आणि मंडळी विचारतील म्हणून सांगतो, जहाजाची प्रतिकृती शेवटच्या दिवशीही मिळते.

परत आल्यावर मी त्या गावी गेलो. म्हातारा केव्हाच गेला होता. कलमे मोठी झाली आहेत, नातू मुंबईत नोकरीला असतो, तो नेमका आला होता. मी ओळख सांगितली. बँकेचे कागद घरात कुठे असतील का, म्हणून विचारले. त्याने माळ्यावरची पेटी उतरवली, पण त्यात कर्जफेडीच्या पावत्या तेवढ्या निघाल्या, सगळ्या क्रमाने लावलेल्या. मोरसच्या त्या माणसाचे नाव त्याला माहीत नव्हते. आईला विचारले, तिलाही नाही. पान मात्र अजून मांडतात. “मोरसवाल्याचं पान,” एवढेच म्हणतात.

मी त्याला फोनवर पायऱ्यांचे फोटो दाखवले. त्याने ते मोठे करकरून पाहिले. मग विचारले, “काका, विमानाचं भाडं किती पडतं?” मी आकडा सांगितला. त्याने मोबाइलवरच काही गुणाकार केला आणि म्हणाला, “एका माणसाचं ना हे? आईला पण न्यायला लागेल.”